पेटीतल्या भाकरी

पालम,
१२ डिसेंबर

प्रिय परमेश्वर,

खुशाली विचारायचं सोंग करत न्हाई. लहानपणी तुला कडेवर घेऊन मेंढरांमागं हिंडले, म्हणून तुझ्यावर चिडायचा हक्क तुझ्या या बहिणीलाच हाय. फोनवर तू मला दोन वाक्यं पुरी करू देत न्हाईस, म्हणून कागद घेतला. निमूट वाच.

दिवाळीच्या आधी घरात वास सुटला. वाटलं, उंदीर मेला कुठंतरी. शोधत शोधत अर्पिताच्या खोलीत गेले, तिची पुस्तकांची पत्र्याची पेटी उघडली, अन् ओकारीच आली बघ. पुस्तकांखाली भाकरीच भाकरी. बुरशीनं हिरव्या झालेल्या, काहींत अळ्या. अभ्यासाचा वेळ जाऊ नये म्हणून मी ताट खोलीतच नेऊन द्यायचे. ती भाकरी पेटीत टाकायची अन् रिकामं ताट बाहेर सरकवायची. केसांना कित्येक दिवस फणी न्हाई, अंगाला वास. अन् मी काय केलं? सतरा वर्षांच्या लेकीच्या दोन थोबाडीत दिल्या. ती रडलीसुद्धा न्हाई, भिंतीकडं तोंड करून पुन्हा मोबाईल बघायला लागली. मला तिची किळस आली रे, पोटच्या पोरीची! आता ते आठवलं की माझ्याच हाताची किळस येते.

कारण ती खोली आपणच केली. दहावीला चांगले मार्क पडले अन् सगळ्यांना घरात डॉक्टरीण दिसायला लागली. तोवर हीच पोरगी शाळेच्या आधी मेंढरं घेऊन कोसभर जायची अन् दिवेलागणीनंतर जेवली की मेल्यासारखी झोपायची. आपण म्हणलो, आता कामाला हात लावायचा न्हाई. मेंढरं ओरडली की ध्यान मोडतं म्हणून तुझ्या दाजीनं खिडकीला ताडपत्री ठोकली. मोबाईल तू पाठवलास. सगळे लाडच होते, पण दोन वर्षं पोरीनं धड ऊन पाहिलं न्हाई. पहाटेपर्यंत हुशार पोरांचे व्हिडिओ बघायची, आपण किती मागं पडलो ते मनात घोकायची अन् दुपारी बाराला उठायची. सासूबाई म्हणाल्या, आळस. जाऊ म्हणाली, कुणाचा तरी नाद लागलाय. बजरंग भगतानं लिंबू उतरवलं अन् वर कोंबडं घेऊन गेला. पोरगी डोळ्यांदेखत बुडायली होती अन् आमी लिंबू कापत बसलो होतो. थू आमच्या शहाणपणावर!

दिवाळी झाल्यावर मीच तिला परभणीच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, शेवटचं मनापासून कधी हसलीस? ती म्हणाली, मेंढरांमागं जात होते तेव्हा. तिथंच मला रडू फुटलं. बाई म्हणाल्या, हा आजार हाय, आळस न्हाई. एकट्या मोबाईलवर खापर फोडू नका. झोप मोडली म्हणून मन खचलं, की मन खचलं म्हणून झोप उडाली, ते ठरवणं अवघड हाय, पण सगळं एकमेकांत गुंतलंय. गोळ्या चालू हायत, पंधरा दिवसांनी तिला बोलायला नेते. मोबाईल संध्याकाळी ज्वारीच्या पिंपावर ठेवतो, तिचाही अन् आमचाही. ताडपत्री मी माझ्या हातानं फाडली. सकाळी ती मेंढरांमागं जाते, मी सोबत. पहिले आठ दिवस शंभर पावलांवर बसायची. काल तलावापर्यंत आली अन् स्वतःहून फडकं सोडलं. अर्धीच भाकरी खाल्ली. पण माझ्यासमोर चावली अन् गिळली. मी तिच्या गळ्याकडंच बघत होते.

आता ऐक, कशासाठी लिहायलेय. लग्न केलं की सुधरेल म्हणून तू रविवारी सेलूचे पाहुणे आणायलास. पोरीला अजून अठरा पुरी न्हाईत! भाऊबीजेला काढलेला तिचा फोटो तू त्यांना दाखवलास, अन् ते खूश हायत म्हणे, कारण पोरगी मेंढरांमागची वाटत न्हाई, लय गोरी हाय. अरे मुडद्या, ते गोरेपण न्हवतं, तो ताडपत्रीमागं वाढलेला रोग होता! माझ्या पोरीच्या दुखण्यावर भाळलेत ते! पाहुणे आणलेस तर दारातून परत धाडीन, तुझ्यासकट. तू मात्र ये. एकटा ये, चालायच्या चपला घालून. ती मामाची वाट बघायलीय. अन् त्या लोकांना आजच कळवून टाक, पोरगी पुन्हा काळी पडायलीय.

तुझीच,
दैवशाला अक्का