समुद्राला लावलेली काठी

आई, परवा अलिबागला जाऊन आले. लेकीला वाळूत खेळायचं होतं आणि मला कुलाबा किल्ला आतून बघायचा होता. तुझ्याबरोबर गेले तेव्हा आपण दारातूनच परतलो होतो. मी सातवीत होते. आपल्या कशेळ्याहून गावातल्या बायकांनी टेंपो ठरवला होता आणि तू आयुष्यात पहिल्यांदा समुद्र बघणार होतीस. तुला मात्र समुद्राचं कौतुक कमीच. किल्ल्यात, चहूकडे खारं पाणी असताना, गोड्या पाण्याची विहीर आहे असं कुणीतरी सांगितलेलं. उन्हाळाभर डोक्यावर हंडे घेऊन चढण चढणाऱ्या तुला ते पटेना. "समुद्रात गोडं पानी? डोळ्यांनी बघीन तवा खरं," असं वाटेत दहा वेळा म्हणालीस.

ओहोटी होती. लोक घोट्याएवढ्या पाण्यातून किल्ल्याकडे चालले होते. तू आधी एक वाळकी काठी शोधलीस, तिला लाल चिंधी बांधलीस आणि पाण्याच्या कडेला रोवलीस. पावसाळ्यात नदीपलीकडच्या शेतावर जाताना लावायचीस तशीच. काठी बुडायला लागली की हातातलं काम टाकून घरी निघायचं. टोप्या घातलेल्या दोन शहरी बायका ते बघून खो खो हसल्या. तू त्यांच्याकडे ढुंकूनही न बघता पुढे निघालीस. मी चपला हातात घ्यायला मागे रेंगाळले.

किल्ल्याच्या दाराशी तू मागे वळून बघितलंस. चिंधी कुठेच दिसेना. "पानी चढलंय, चला मागं," म्हणत माझा दंड धरलास. शेजारची काकी म्हणाली, "अगं, इथवर आलीस तर विहीर तरी बघ की!" तू म्हणालीस, "विहीर कुठं जात नाय. पोरगी माजी एकच हाय." बाकी कुणी ऐकलं नाही. तासाभराने सगळ्या नुसते घोटे भिजवून परत आल्या आणि कशेळ्यापर्यंत तुझी टर उडवत राहिल्या, "पान्याला भ्याली गं ही!" तूही त्यांच्यात हसलीस. समुद्राकडे पुन्हा जाणं काही तुझ्या नशिबात नव्हतं.

ज्याची एवढी आस, ते दोन पावलांवर असताना पाठ फिरवायला काय छाती लागते, ते मला आई झाल्यावर कळलं. परवा मोबाइलवर ओहोटीची वेळ बघूनही मी काठी रोवलीच. लेक हसली, पण मागे वळून वळून तीच बघत होती. विहिरीचं पाणी ओंजळभर चाखलं. खरंच गोडं आहे गं. लेकीने विचारलं, "आजीने का नाही बघितली?" मी म्हटलं, "पाणी चढलं होतं." तुझ्याशी खोटं, आता तिच्याशीही.

हे पत्र कुठे टाकणार? तुझ्या ट्रंकेत, तुझ्या लुगड्याखाली ठेवते. पाणी चढलं नव्हतं, आई. त्या शहरी बायका हसल्या, मला तुझी लाज वाटली, आणि काठी मी उपटून फेकली होती.