आमेरपलीकडचे कोरडे ओढे

२२ जानेवारी २००७
दादाचा नाशिकहून फोन. बाबांना तिकडे न्यायचं म्हणतो. प्रताप नगरात त्यांच्याशी मराठी बोलायला आहे कोण, आणि तू तर दिवसभर ऑफिसात. खरंच आहे. आई गेल्यावर मी त्यांना हट्टाने जयपूरला आणलं, पण इथेही विचारलं तेवढंच बोलतात. टीव्हीसमोर बसतात, तो चालू असो वा नसो.

२५ जाने.
आमेरपलीकडच्या डोंगरांच्या पाणलोटाचा नकाशा संगणकावर काढायला घेतला. उपग्रहाने मोजलेली उंची, चौकोन चौकोन. प्रत्येक चौकोनातलं पाणी शेजारच्या सर्वांत खोल चौकोनात सोडायचं. मशीन दुपारभर घुरघुरलं. मग काळ्या पडद्यावर निळ्या रेघा उगवल्या, बारीक बारीक, एकमेकींना शोधत निघाल्यासारख्या. येताना बसमध्ये डोळे मिटले तर प्रताप नगरचे रस्तेही वाहत होते.

२८ जाने., रवि.
नकाशाचा प्रिंट जेवणाच्या टेबलावर राहिला होता. बाबा बराच वेळ त्यावर वाकून. मग, "यात पाणी असतं?"
म्हटलं, आता नाही. पावसात, आला तर. संगणक फक्त उतार सांगतो.
त्यांनी प्रिंटची घडी घातली.

३० जाने.
घरी आले तर बाबा नाहीत. शेजारच्या भाभीजींनाही ठाऊक नाही. दिवेलागणीला आले, बुटांवर पांढरी धूळ, खिशात घडी घातलेला प्रिंट. बसने आमेर, पुढे जीप, मग ओढ्यात उतरून चालत. मी चिडले, सांगून तरी जायचं. "चालतोय तोवर बरं वाटतं," म्हणाले. आज भात मागून घेतला.

६ फेब्रु.
आता एक दिवसाआड जातात. संध्याकाळी सांगतात: इथे खडक लागला, इथे थेट ओढ्यातच मोहरी पेरलीय, एका घरी 'बाउजी, बैठो' म्हणून चहा दिला. आईचा विषय मात्र नाही. मी काढला की उठून जातात.
मी झोपेत त्यांच्या मागे चालते. वाळू कोरडीच असते, पण पाण्याचा आवाज येत असतो.

१२ फेब्रु.
पाणी वाहतं राहायला खड्डे बुजवावे लागतात. एकटा खोलगट चौकोन म्हणजे डेटातली चूक असं धरून प्रोग्राम सगळे भरून टाकतो. बाबांनी प्रिंटवर बोट ठेवलं. "ही रेघ इथून पुढे जात नाही. इथे तळं आहे. कोरडं आहे, पण पायऱ्या आहेत. मी बसलो होतो."
खड्डे बुजवण्याआधीचा थर उघडला. होता खड्डा.

१३ फेब्रु.
माथुरजींना, आमच्या साहेबांना, दाखवलं. तळं भरलं नाही तर खालचा ओढा तुटतो, नकाशा अर्धवट दिसेल म्हणाले. म्हटलं, तळं भरल्याशिवाय पाणी पुढे जात नाही, हेच तर दाखवायचंय. विचार करतो म्हणाले. तोवर तसंच ठेवलंय. अर्ध्यात थांबलेली निळी रेघ. बघत बसावंसं वाटतं.

१७ फेब्रु., शनि.
दादा आला. उद्या संध्याकाळची गाडी, बाबांचंही तिकीट काढून आणलंय. बाबांनी ऐकून घेतलं. झोपायला जाताना त्याला एवढंच, "सकाळी चल माझ्याबरोबर."
त्यांची बॅग भरली मी. स्वेटर वर ठेवला, मग काढला, मग परत ठेवला.

१८ फेब्रु., रवि.
उजाडताच गेले दोघे. मी स्वयंपाक करून बसलेली. ऊन कलल्यावर दादाचा मोबाइलवरून फोन. मी विचारलं, ठरलं का? विषयच काढला नाही म्हणाला. मग आवाज एकदम खाली आला.
"बाबा वाटभर आईबद्दल बोलत होते. लग्नाआधीचं वगैरे. तुझ्याशी बोलतात का गं असं?"
"नाही."
"ते पुढे निघून गेलेत. हाक मारू का? गाडी चुकेल."
मी म्हटलं, मार. मग म्हटलं, थांब.
त्याने फोन ठेवला नाही. मीही नाही. तिकडचा वारा ऐकू येत राहिला, आणि वाळूवर त्याची पावलं, आता तोही पुढे निघालेला, हाक न मारता.