गोळ्यांची पीकपाहणी

३ सप्टेंबर १९६८, मंगळवार. वेल्हे.
दवाखान्यात डॉक्टरांनी दंडाला पट्टा बांधून ब्लडप्रेशर काढलं. माझं एकशे नव्वद. आमच्या कोतवालाचं, गेनबाचं, दोनशे दहा. म्हणाले, दुखणार काहीच नाही, पण गोळ्या रोज घ्यायच्या. बरं वाटलं तरी रोज. घाट उतरताना ड्रायव्हर ब्रेकवरचा पाय काढतो का? रोज खूण करायला कार्डं दिली. गेनबाला अक्षरओळख नाही, म्हणून त्याचंही कार्ड माझ्याकडे. तलाठ्याला नोंदी काय शिकवायच्या! उद्यापासून कडक शिस्त.

७ सप्टेंबर.
दोन गोळ्यांपैकी एक लघवीची निघाली. पानशेतला जाताना एस.टी. दोनदा थांबवावी लागली. कंडक्टर हसला. फिरतीच्या दिवशी गोळ्या बंद. फिरती रोजच असते.

११ सप्टेंबर.
गेनबानं विचारलं, "भाऊसाहेब, डोकं तर अजाबात दुखत न्हाई. तरी घ्यायच्या का वो?" समजावून सांगितलं: दुखणंच नाही तर औषध काम कशावर करणार? दुखलं तरच घे. डॉक्टर हुशार आहेत, पण वयानं लहान.

१६ सप्टेंबर, संध्याकाळ.
उद्या दवाखान्यात तपासणी. दोन्ही कार्डं एका बैठकीत भरली. पीकपाहणीसुद्धा चावडीत बसूनच होते, बांधावर कोण जातं? संशय नको म्हणून शाई दोन रंगांची. मी तीन दिवस गोळ्या घेतोय. साहेब येण्याआधी दप्तर नीट केलं की झालं.

१७ सप्टेंबर.
माझं एकशे साठ! शाबासकी मिळाली. गेनबाचं दोनशे वीस. डॉक्टर कार्डाकडे बघतच राहिले. सगळ्या गोळ्या घेऊनही वाढलं कसं? गोळ्या दुप्पट केल्या. गेनबा माझ्याकडे बघत होता. बोलणार होतो. पण चारचौघांत आपलीच नोंद खोटी कशी म्हणायची? पुढच्या पंधरवड्यात खरी शिस्त लावीन.

२४ सप्टेंबर.
खरिपाच्या पाहणीची गडबड. दोन्ही कार्डं सोमवारपर्यंत आगाऊच भरून टाकली. डोक्याचा ताप गेला.

२५ सप्टेंबर, बुधवार.
दप्तराचं गाठोडं घेऊन चावडीची पायरी चढताना गेनबा पडला. तोंड वाकडं, उजवा हात लुळा. मला काही सांगू बघत होता, शब्द फुटेना. जीपमधून भोरला निघालो. नसरापूरच्या अलीकडेच गेला.
दप्तर फार जड होतं. दुसरं कारण नसावं.

२९ सप्टेंबर, रविवार.
गेनबाची बायको, चंद्राबाई, पुडी घेऊन आली. सगळ्या गोळ्या तशाच. म्हणाली, "भाऊसाहेब, ह्या दुसऱ्या कुनाला तरी द्या. तुमचा शबुद त्येंनी मोडला न्हाई. दुखलंच न्हाई, म्हून घेतल्या न्हाईत."
तिला पाणी विचारलं. स्वतःची लाज वाटते.
ती गेल्यावर कार्ड काढलं. खुणा उद्यापर्यंत आहेत. नोंदीप्रमाणे गेनबानं आज सकाळीही गोळ्या घेतल्या आहेत.