वायरिंग, असं तुम्ही म्हणालात

अप्पा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी माझा राग गेलेला नाही. दहाव्याला सगळे म्हणत होते की असा गिअरबॉक्सचा माणूस बोळिंजपासून वसईपर्यंत मिळायचा नाही. मी मान डोलावत होते, आणि डोक्यात कळंबच्या त्या कोळीदादांची जीप होती.

जीप जुनी, दोन हात फिरून त्यांच्याकडे आलेली. होडी वाळूवर ओढायला त्यांनी ती घेतली होती. तिच्यात फोर व्हीलचा दांडा नव्हता, डॅशबोर्डवर गोल बटण होतं. ते फिरवलं की गाडीखालची एक छोटी मोटर गिअर सरकवायची आणि पुढच्या चाकांनाही जोर मिळायचा. आता बटण फिरवलं की नुसता दिवा लुकलुकायचा. तुम्ही ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "गिअरबॉक्स उघडावा लागेल." मी आयटीआयमधून नुकतीच बाहेर पडले होते. गाडीखाली शिरले, मोटरकडे जाणारी एक तार तुटलेली दिसली, म्हणून बॅटरीची तार थेट मोटरला लावून पाहिली. मोटर एकदा थरथरली आणि गप्प झाली. "अप्पा, मोटरच अडकतेय. गिअरबॉक्सला काही झालेलं नाही." तुम्ही पाना पुसत होतात. "तू ती तुटकी तार जोड आणि बाजूला हो."

मी तार जोडली. नीट जोडली, आजही शपथेवर सांगेन. तुम्ही गिअरबॉक्स उघडलात, त्यात काही सापडलं नाही, तेल बदलून बंद केलात. गॅरेजसमोरच्या डांबरी रस्त्यावर एक चक्कर मारलीत आणि गाडी देऊन टाकलीत. डांबरावर फोर व्हील कळणार कसं? मी विचारलं, तर तुम्ही ऐकूच न आल्यासारखं केलंत.

पुढे काय झालं ते आपल्याला कोळीदादांनीच येऊन सांगितलं. भरती चढत होती, होडी दोराला बांधलेली, मागची चाकं वाळूत रुतत गेली. बटण फिरवून फिरवून त्यांचा हात दुखला. लाटेनं होडी कलंडली आणि त्यांच्या धाकट्या भावाचा पाय खाली सापडला. ते दारात उभे आहेत, ओल्या कपड्यांत, आणि विचारतायत, "शेठ, तुमी बोल्ला ना गाडी झाली? पानी गुडघ्याला आलेलं, भाऊ अडकला ना माझा!" आणि तुम्ही, अप्पा, माझ्याकडे न बघता म्हणता, "वायरिंगला पोरीनं हात लावला होता."

मी तोंड उघडलं. आत आई उभी होती, तिनं डोळ्यांनीच मला गप्प केलं. कोळीदादा माझ्याकडे बघत राहिले. "पोरीच्या हातात कशाला दिली?" एवढंच म्हणाले आणि गेले.

जीप ओढून परत आणली, तेव्हा तुम्ही जेवायला गेला होतात. मी खाली शिरले, मोटर कशी बसली होती त्याची खूण केली आणि ती काढली. झाकण उघडलं तर आत खारं पाणी शिरून गंज चढलेला, मोटरला वीज पोचवणारा एक कार्बन ब्रश खोबणीत घट्ट अडकलेला. सगळं तसंच तुमच्या पुढ्यात ठेवलं. तुम्ही तो ब्रश नखानं हलवून पाहिलात. हलला नाही. मला वाटलं, आता चुकलं म्हणाल. म्हणालात, "साफ कर आणि बसव."

मी गंज काढला, ब्रश बदलले, झाकणाला नवं रबर लावलं. यावेळी मी हट्टच धरला, म्हणून गाडी वाळूवर नेऊन पाहिली. बटण फिरवताच खालून कट्ट असा आवाज आला आणि जीप चारही चाकांनी ओल्या वाळूतून सरळ चढली. कोळीदादांनी तुम्हाला विचारलं, "काय होतं मग?" मी तिथेच, तुमच्या शेजारी उभी होते. तुम्ही म्हणालात, "वायरिंग."

एक शब्द. तुम्हाला तो जड गेला नाही. मला मात्र त्यानंतर गॅरेजात कोणी गाडीला हात लावू दिला नाही. मी वालीवला मोटर वाइंडिंगच्या कारखान्यात लागले, पुढे तिथेच स्वतःचा गाळा घेतला. तो धाकटा भाऊ एकदा विरारच्या मासळी बाजारात दिसला होता. पाय ओढत चालत होता. त्यानं मला ओळखलं आणि तोंड फिरवलं. त्याच्या मागे धावून मी काय सांगणार होते? माझा बाप खोटं बोलला?

हे पत्र कुठे पाठवायचं नाहीये, म्हणून एक सांगते. गेल्या महिन्यात एका पंपाची मोटर माझ्या हातून जळली. गिऱ्हाईक समोर उभं होतं, आणि "व्होल्टेज वरखाली झालं असेल" हे वाक्य माझ्या जिभेवर तयार होतं, अगदी तुमच्या आवाजात. "माझं चुकलं" म्हणायला मला फार वेळ लागला.