मायची दुधाची वाटी

मंगळवार, संध्याकाळ. जळगाव.

आज डॉक्टरांनी मायच्या गुडघ्याचा नवा एक्स-रे पाहिला. उन्हाळ्यातल्या एक्स-रेत गुडघ्याच्या कडेला, मांसात जमलेला दिसलेला तो पांढरा डाग आता पुसट झालाय. सूजही नाही. मी जरा ऐटीतच सांगितलं, "तेव्हापासून दूध पूर्ण बंद केलंय तिचं."

"का?"

"कॅल्शियम जमलंय म्हणाला होतात ना."

त्यांनी एक्स-रे खाली ठेवला. "त्याचा दुधाशी काही संबंध नाही हो. उलट या वयात हाडांना दूध हवंच."

दुधाचं म्हटलं होतं कुणी? कुणीच नाही. मीच.

उन्हाळ्यात भाकरी थापून उठताना ती अचानक ओरडली, पाय टेकवेना. मी घाबरलो होतो, खरंच. पण डॉक्टरांना विचारायचं तरी! साक्रीकडच्या घरात जन्मभर रात्री दूध-भाकर कुस्करून खाल्लेली बाई. तिच्या हातातली वाटी मी काढून घेतली. मग ती त्याच वाटीत पाणी घेऊन भाकर भिजवू लागली. आणि मी रोज समोर बसून जेवलो.

येताना म्हशीचं दूध आणलं. तापवलं, भाकर माझ्या हाताने कुस्करली, वाटी पुढे ठेवली.

"खा ना माय. डॉक्टरच म्हणाले."

तिने घास तोंडाशी नेला, परत वाटीत सोडला आणि वाटी हळूच माझ्याकडे सरकवली.

"तूच खाई ले, भाऊ. आते माले दूधना वास येस."