कागलच्या पावण्यांना पेढा

अक्का,

मुलगी झाली की! पोट चिरून काढावी लागली, पण दोघी सुखरूप हायत. पोरगी चार पौंडांची, आवाज मात्र तुझ्यासारखा खणखणीत!

डॉक्टरीणबाईंनी डोळ्यांनी बघितलं. वेणूच्या पिशवीत जन्मापासूनच मधे पडदा हाय. जागा पुरली न्हाय, म्हणून आधीची तीन गेली. तिच्या पायगुणाचा काय संबंध न्हाय.

तुझं जुनं मऊ लुगडं दुपट्यांसाठी नेतोय. पेढे देवापुढं ठेवलेत.

माझ्या दुसऱ्या लग्नासाठी तू कागलचे पावणे बोलावलेस, तेव्हा मी गप्प बसलो. चुकलं माझं. ते चारला येतील. त्यांना पेढा दे, वाटेला लाव. आणि त्यांच्या मुलीसाठी घेतलेलं हिरवं इरकल दवाखान्यात येताना वेणूसाठी घेऊन ये.

अंबादास