पिच्चरमधला दुसरा नवरदेव

बाबा, लिवाले चुकलं तं राग नोका मानू. शाळा नववीतच सुटली, अन् मोबाईलवर एका बोटानं टाइप करून राह्यली, म्हून लय टाइम लागते. तुमी गेले तवा मी लहान होती. तुमाले विचाराचं सारंच राहून गेलं.

आई ज्या टेलरकाकाच्या दुकानात फॉल-पिको करते, त्याईनं रविवारी आमा दोघीले यवतमाळले पिच्चरले नेलं. मले तवाच शक आला. कायले नेते कोणी फुकटात? अंगात कडक इस्त्रीचा शर्ट. आमच्या नेरच्या स्टँडवर बसमध्ये घुसून आईसाठी खिडकी धरली, वरून लिंबू दिलं. तिले मळमळते हे याले कोणं सांगितलं? टॉकीजमध्ये मी मुद्दाम दोघायच्या मधात बसली.

पिच्चरमधी एक पोट्टं ऑटोत बसते अन् आईबापाच्या लग्नाअगुदरच्या दिवसात जाऊन पोचते. पाह्यते तं आईले दुसराच माणूस पाहाले आलेला. तिकडं जमलं तं हा जन्मालेच येत नाई. म्हून हा त्या माणसाच्या पोह्यात मिरच्या कोंबते. त्याले बिचाऱ्याले बोलताच येत नाई, नुसतं डोयातून पाणी. सारी टॉकीज हासली. मी पडदा सोडून काकाकडंच पाहून राह्यलती. ते नाई हासले. मंग आईबी हासाची थांबली.

घरी आल्यावर आई भाकरी थापून राह्यलती, तवा मी विचारलं, "काका तुले पाहाले आलते का?"

"आलते. तुह्या बाबाच्या अगुदर."

"मंग नाई काहून म्हटलं?"

"बोलेच ना तो. खाली मान घालून पोहे खाल्ले अन् गेला. मले वाटलं, या घुम्यासंग जिंदगी कशी काढू." मंग माह्याकडं पाहून हासली. "आता घरात एक घुमी हायेच."

तव्यावरची भाकर उलटवून म्हणे, आता एवढ्या वर्सानं तो बोलला. लग्नाचं विचारलं. तू नाई म्हटलं तं नाई.

म्हंजे हाच पिच्चर मले समजावासाठी निवडला होता का? आई म्हणते, त्याले पिच्चरची गोष्ट माईतच नव्हती. मले हे पटत नाई.

तसा ऑटो मले भेटला तं मी कोणाच्या लग्नात नाई जाणार. तुमी "साधा ताप हाये" म्हणून वावरात गेले ना, त्या सकाळी येईन. हाताले धरून दवाखान्यात नेईन.

हे पाठवत नाई. तुमच्या नंबरवर आता कोणाच्या तरी लहान लेकराचा फोटो दिसते.

आईले मी अजून हो म्हटलं नाई. पण आज काकाचा डबा मीच भरला, अन् दुकानात नेऊन दिला. ते कायी बोलले नाई, मीबी नाई. तशीच मशीनीजवळ बसली, अन् बाबा, मले बरं वाटलं.

आपली कबरी शेळी आताच ब्याली. दोन पिल्लं हायेत, एक उभं राह्यलंबी.